पापुद्रा आणि माझा डावा कान

माझा डावा कान माझ्या थोरल्या भावानं एका मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता घेतला. घेतला म्हणजे कापून नेला नाही. तो अजून जागच्या जागी आहे आणि चष्म्याची काडी अडकवायला उपयोगी पडतो, पण आत काही नाही. त्या बाजूनं कुणी शिव्या घातल्या तरी मी हसतमुख असतो, त्यामुळे काही लोक मला उगाच सज्जन समजतात.

आधी दादाचा धंदा सांगतो. तो इंजिनांचे भाग रंगवतो, आणि तेही फक्त ओतीव ॲल्युमिनियमचे. मोटारसायकलींचे क्रँककेस म्हणजे इंजिनाची बाहेरची कवचं, गिअरबॉक्सची कवचं, बोटींच्या इंजिनांची केसिंग. ऐकायला सोपं वाटतं. लोखंडाला रंग लावला की तो बसतो, लाकडाला लावला की मुरतो. ॲल्युमिनियम रंगाला जवळ करत नाही. कितीही घासलं, चकाचक केलं, तरी त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारी एक साल असते आणि ती खरवडली तर लगेच नवी धरायला लागते. त्यात ते ओतीव असलं तर बारीक छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. त्यावर रंग मारा, आठ-दहा दिवस इंजिन तापू द्या आणि नखानं ओढा. सगळा रंग हातात येतो. दादानं रंगवलेल्या भागावर हातोडी मारली तर धातूला पोचा पडतो, पण रंग सुटत नाही. दोन-दोन दिवसांच्या वाटेवरून लोक त्याच्याकडे भाग घेऊन येतात.

तरीही अख्खा बाजार त्याला पाठीमागे 'पापुद्रा' म्हणतो. तोंडावर एकदाच कुणीतरी म्हटलं होतं.

दुकान तेव्हा वडिलांचं होतं, इंजिन दुरुस्तीचं. दादा बावीसचा, मी वीसचा. मोटारसायकलींच्या शर्यतीत उतरणाऱ्या एका गिऱ्हाइकानं तीन इंजिनं दुरुस्तीला दिली होती. दादानं हौसेनं, कुणी न सांगता, तिन्ही क्रँककेस काळ्या रंगानं रंगवले. रॉकेलनं पुसले, पॉलिश पेपर फिरवला आणि ब्रश मारला. दिसायला झकास. आमचे वडील आयुष्यात कुणाला बरं म्हणाले नाहीत, त्यांनीही त्या दिवशी मान हलवली. दादा दोन दिवस हवेत होता.

तेराव्या दिवशी गिऱ्हाईक शर्यतीचे कपडे अंगावर असतानाच आला. गाडी दुकानासमोर लावली, इंजिन अजून तापलेलं. क्रँककेसच्या कडेला त्यानं नख घातलं आणि दुधावरची साय काढावी तसा रंग एका ओढीत काढला. तळहाताएवढा काळा पापुद्रा. तो त्यानं वडिलांच्या तोंडावर फेकला. क्रँककेसला न चिकटलेला तो रंग वडिलांच्या घामेजल्या गालाला मात्र चिकटला. रस्त्यावरचे लोक हसले.

वडिलांनी तो गालावरून काढलासुद्धा नाही. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला फॅनबेल्ट घेतला, दादाला कॉलर धरून रस्त्यावर आणलं आणि झोडपायला सुरुवात केली. रबराचा पट्टा पाठीवर बसला की आधी आवाज येतो आणि मग कातडी उकलते. मी मध्ये पडलो तर मलाही एक तोंडावर बसला, ओठ फाटला. दादा पळाला नाही. त्यानं हात वर केले नाहीत. तो गुडघ्यांवर बसून राहिला आणि वडिलांचा हात दमेपर्यंत मार खात राहिला. शर्टाच्या चिंध्या पाठीत रुतल्या होत्या, त्या नंतर मी कोमट पाण्यानं सोडवून काढल्या.

शेजारचा रेडिएटरवाला दारात उभा राहून सगळं बघत होता. वडील आत गेल्यावर तो म्हणाला, "काय पापुद्रा, तुझीही साल निघाली का?" दादा उठला. वडिलांच्या दिशेनं त्यानं बघितलंही नाही. सरळ रेडिएटरवाल्याकडे गेला आणि एका ठोशात त्याचे पुढचे दोन दात पाडले. रेडिएटरवाला अजून शेजारीच आहे. दातांच्या जागी अजून फट आहे, आणि ते नाव त्याच फटीतून बाजारभर गेलं.

त्यानंतर दोन वर्षं दादानं दुसरं काही केलं नाही. भंगारातून तडकलेली कवचं आणायची, साफ करायची, रंगवायची, तापवायची आणि नखानं ओढून बघायची. एकदा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात कवच बुडवलं तर ते फसफसून खाल्लं गेलं आणि उडालेल्या पाण्यानं त्याच्या दोन्ही मनगटांवर चट्टे पडले. एकदा गंजलेलं लोखंड ज्या बारीक खडीनं साफ केलं तिचाच मारा ॲल्युमिनियमवर केला. लोखंडाचे कण आत रुतून बसले आणि महिन्याभरात रंगाखालून तांबडे ठिपके वर आले. फसलेला प्रत्येक तुकडा तो मागच्या भिंतीवर आपटून फोडायचा. ती भिंत अजून खड्ड्याखड्ड्यांची आहे. वडील त्या दोन वर्षांतच गेले. दादा स्मशानातून आला, आंघोळ केली आणि एक झाकण भट्टीत टाकलं.

शेवटी त्याला जमलं. आधी भाग भट्टीत तापवायचा, म्हणजे छिद्रांतलं तेल घाम सुटल्यासारखं वर येतं. ते पुसायचं, परत तापवायचं, तेल यायचं थांबेपर्यंत. मग बंद पेटीत हवेच्या जोरानं धारदार खडीचा मारा. मग ॲसिडचं पाणी, मग भरपूर साधं पाणी. आणि मग परीक्षा. धुतलेल्या भागावर पाणी ओतलं की ते चादरीसारखं एकसंध पसरलं पाहिजे. कुठे तेलाचा अंश राहिला असेल तर तिथे ते दुभंगतं आणि त्याचे थेंब होतात. आम्ही त्याला 'पाणी फाटलं' म्हणतो. पाणी फाटलं नाही तर भाग वाळवायचा आणि तासाभरात प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर मारायचा, कारण साल परत धरायला लागलेली असते. प्रायमरमध्ये हार्डनर मिसळला की तोही थांबत नाही, काही तासांत डब्यातच दगड होतो. म्हणून एकदा प्रायमर मिसळला की आमच्या दुकानात कुणी मरायचंसुद्धा नाही.

हे मी गमतीनं सांगत नाही. एकदा कॉम्प्रेसरच्या पट्ट्यात त्याच्या डाव्या हाताचं बोट गेलं, करंगळीशेजारचं. मधल्या पेरापासून पुढचा तुकडा जमिनीवर पडला. प्रायमर मिसळलेला होता. त्यानं उरलेल्या बोटाला चिंधी आणि चिकटपट्टी आवळली, वर हातमोजा चढवला, गिअरबॉक्सची दोन कवचं मारून संपवली आणि मग दवाखान्यात गेला. हातमोजा कापून काढला तेव्हा आतून रक्त ओतल्यासारखं पडलं. बोट तोवर वहिनीनं पाण्याच्या बाटलीत घालून ठेवलं होतं, ते काही जोडता आलं नाही.

आणि नियम एकच. धुतलेल्या भागाला उघडा हात लावायचा नाही. माणसाच्या तळव्याला घाम असतो, त्यात मीठ असतं, तेल असतं. हात लागला तिथे वरून काही दिसत नाही. रंगही छान बसतो. सहा-आठ महिन्यांनी तेवढीच जागा फुगते.

वहिनी लग्न होऊन आली त्याच्या चौथ्या महिन्यात, एक धुतलेलं झाकण टेबलावरून घसरताना तिनं ते सावरलं. उघड्या हातानं. दादाच्या हातात पाना होता, तो त्यानं तिच्या मनगटावर मारला. हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. प्लास्टर निघाल्यावर ती दुकानात यायला लागली आणि प्रायमर दादापेक्षा नीट मिसळायला शिकली. पण थंडीत मनगट ठणकायला लागलं की ती ते त्याच्या समोर टेबलावर ठेवून बसायची. तो जेवण अर्धं टाकून उठायचा. माफी मात्र त्यानं मागितली नाही. ते त्याला येतच नव्हतं, जसं काही लोकांना पोहता येत नाही.

मला किती वेळा मारलं ते मी मोजलं नाही. मी इंजिनांचं फिटिंग आणि सिलिंडरचं बोरिंग बघायचो आणि हाताखाली राबायचो. त्याची एक सवय होती. मारायच्या आधी हातमोजे काढायचा. आमच्या तोंडाला लागून स्वच्छ हातमोजे खराब होऊ नयेत म्हणून. त्यानं बोटांची टोकं ओढायला सुरुवात केली की आम्ही दोन पावलं मागे सरायचो. तरी त्याचं काम बघून ऊर भरून यायचा हे कबूल करतो. अशा माणसाचा भाऊ असणं म्हणजे काय ते त्याचा भाऊ झाल्याशिवाय कळणार नाही, आणि ती वेळ कुणावर येऊ नये.

आता तो मंगळवार. प्रवाशांची ने-आण करणारी एक लाँच होती, मागे दोन इंजिनं टांगलेली. त्यांची खालची केसिंग, म्हणजे पंख्याच्या वरचा भाग, सतत खाऱ्या पाण्यात असतो. लाँचवाल्यानं ती दोन्ही रंगवायला दिली होती आणि संध्याकाळी परत हवी म्हणून तो सकाळपासून दोनदा डोकावून गेला होता. दादाला घाई आवडत नाही. त्या दिवशी त्यानं घाई केली. पहिलं केसिंग धुऊन, पाण्याच्या परीक्षेत पास होऊन, वाळून टेबलावर आडवं ठेवलं होतं. वहिनीनं आतल्या खोलीत प्रायमर मिसळला होता. दादानं दुसऱ्या केसिंगवर पाणी ओतलं आणि वरच्या कडेपाशी पाणी फाटलं. दोन बोटांएवढी जागा.

त्यानं नळ बंद केला.

"हात कुणी लावला?"

"कुणी नाही."

"ती आत आहे. मी हातमोज्यात आहे. राहिला कोण?"

"मीपण हातमोज्यातच आहे. हे बघ."

"आत्ता घातलेस."

"दादा, तू भट्टीतून एक फेरी आधी काढलंस ते. आतलं तेल वर आलंय. परत तापव, निघून जाईल."

हे खरं होतं. पण खरं बोलायची माझी वेळ नेहमी चुकते. दादा माझ्याकडे बघत राहिला आणि त्यानं डाव्या हातमोज्याची बोटं एकेक करून ओढली. मग उजव्याची. दोन्ही हातमोजे नीट जुळवून खिळ्याला अडकवले.

"हो म्हण," तो म्हणाला. "लावला म्हण. विषय संपला."

"नाही लावला."

पहिला ठोसा नाकावर बसला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. डाव्या कानानं ऐकलेल्या शेवटच्या आवाजांपैकी तो एक. "हो म्हण." मी नाही म्हणालो. त्यानं पोटात गुडघा घातला, मी वाकलो, त्यानं केस धरून वर काढलं. "मी चोवीस वर्षं मार खाऊन हे शिकलोय, आणि तू मला शिकवतोस?" चोवीस वर्षं मार आम्ही खाल्ला होता, पण हे सांगायला माझ्या तोंडात जागा नव्हती, रक्त होतं. त्यानं मला टेबलाशी रेटलं, डावा हात टेबलावर टेकून अंगाचा भार घेतला आणि उजव्या हाताचा पंजा पसरून माझ्या डाव्या कानावर मारला. डोकं टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटलं. त्यानं उचलून परत आपटलं. डोक्यात शिट्टी वाजायला लागली आणि त्या बाजूचं जग बंद झालं.

वहिनी बाहेर आली. ती ओरडली नाही. तिनं हवेची नळी उचलली आणि पूर्ण दाबाची हवा त्याच्या डोळ्यांत सोडली. तो मागे हटला तशी नळीची पितळी तोटी त्याच्या बरगडीत दोनदा घातली. "प्रायमर मिसळलाय," ती म्हणाली. त्या घरात माणूस थांबवायला एवढं एकच वाक्य होतं. दादानं हातमोजे घातले. पाणी फाटलं होतं ते केसिंग परत तापवून, धुऊन काढलं. पहिलं तर आधीच पास झालेलं होतं. दोन्हींवर वेळेत प्रायमर बसला. मी तोवर जमिनीवर, कानातून येणारं रक्त शर्टात टिपत होतो.

डॉक्टरांनी सांगितलं की पडदा फाटलाय आणि आतलं हाडही तडकलंय, त्या कानाची आशा धरू नका. विचारलं, कसं झालं. मी सांगितलं, पडलो.

मी घर सोडलं आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एका बोरिंगवाल्याकडे कामाला लागलो. कानाचं म्हणाल तर माणूस एका कानाला सरावतो. मला सरावता आलं नाही ते दुसऱ्याच गोष्टीला. दादानं बाजारात सांगितलं की धाकट्यानं धुतलेल्या मालाला हात लावला आणि तोंड वर करून खोटं बोलला. मारलं हे कुणाला खटकलं नाही. दादाचा माल बघितलेला माणूस दादाचा शब्द मानतो. लाँचवाला तर मला बघून पलीकडच्या बाजूनं चालायला लागला. रेडिएटरवाला मला म्हणाला, "लावला असशील तर सांगून टाकायचं होतंस, कान वाचला असता." ज्याचे दात गेले होते तोसुद्धा.

वहिनी दर आठवड्याला डबा घेऊन यायची. एकदा म्हणाली, "भावजी, एकदा 'हो, लावला' म्हणा आणि घरी या. शब्दच आहे. यांच्याकडून तुम्हाला काही मिळायचं नाही."

"वहिनी, तुला वाटतं मी लावला?"

"नाही."

"मग?"

तिनं मोडलेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं. "मग काही नाही," ती म्हणाली. "डबा धुऊन ठेवा."

मला फार काही नको होतं. दादानं एकदा, त्याच्या तोंडानं म्हणायचं, तू हात लावला नव्हतास. बाजारात नको, चव्हाट्यावर नको. मला ऐकू येईल एवढंच.

आठ महिन्यांनी, भर दुपारी, लाँचवाला माझ्या समोर येऊन उभा राहिला. खांद्यावर पोत्यात गुंडाळलेलं केसिंग होतं. त्यानं ते माझ्या पायाशी धाडकन टाकलं. "तुझं काम बघ. पापुद्र्यानं म्हटलं होतं ते उगाच नाही."

मी पोतं सोडलं. सगळ्या केसिंगवर दादाचा रंग दगडासारखा बसलेला होता. फक्त एका बाजूला तो फुगून फुटला होता, आणि खालून पांढरी भुकटी वर आली होती. कडा इतक्या स्पष्ट की कुणी रेघ मारून काढावी. तळवा. अंगठा. बोटं. पंजा पसरून, भार देऊन टेकवलेला हात.

खरं सांगतो, एक क्षणभर मला वाटलं, लावला असेन का मी? आठ महिने अख्खा बाजार एकच सांगत असेल तर माणसाचा स्वतःवरचासुद्धा विश्वास उडतो. मी खाली बसलो आणि माझा हात त्याच्यावर धरला. डावा हात होता तो. माझी बोटं बाहेर येत होती. करंगळीशेजारचं बोट तर अर्धं बाहेर येत होतं, कारण भुकटीतलं ते बोट मधल्या पेरापाशी संपलं होतं.

मग मला तो मंगळवार दिसला. खिळ्याला अडकवलेले हातमोजे. टेबलावर आडवं ठेवलेलं, पास झालेलं केसिंग. त्याच्यावर टेकलेला दादाचा उघडा डावा हात, आणि माझ्या कानावर येणारा उजवा.

"हे मी घेऊन जातो," मी लाँचवाल्याला म्हणालो. "उद्या दुकानातून ने."

केसिंग जड होतं. मी ते खांद्यावर घेऊन अख्खा बाजार चालत गेलो. वाटेत जे बोलायचं ते जुळवत होतो. आठ महिने तसंही मी दुसरं काही केलं नव्हतं. माझ्या त्या तालमीत मी हात उगारत नसे. पुरावा ठेवायचा, एक वाक्य बोलायचं आणि मान ताठ ठेवून निघायचं.

दादा टेबलापाशी एक झाकण पुसत होता. वहिनी डबे मांडत होती. मी केसिंग त्याच टेबलावर, त्याच जागी आडवं ठेवलं, हाताची बाजू वर.

दादानं बघितलं. "हात," तो म्हणाला. "मी काय म्हणालो होतो?"

"बोटं मोज."

त्यानं मोजली. मग परत मोजली. त्यानं डाव्या हातमोज्याची टोकं ओढली, आणि मी सवयीनं दोन पावलं मागे सरलो. त्यानं हातमोजा काढून खाली टाकला. खिळ्याला अडकवला नाही. हात पसरला आणि त्या भुकटीवर ठेवला. पंजा बसला, अंगठा बसला, अर्धं बोट अर्ध्या बोटावर बसलं. तो हात तसाच ठेवून उभा राहिला. वहिनीनं डब्यांवरचा हात काढला आणि जवळ येऊन बघितलं.

"मार," दादा म्हणाला.

"मला मारायचं नाही. तुला म्हणायचंय ते म्हण."

"मार म्हणतो ना."

"दादा, एक वाक्य आहे."

त्यानं त्याचा डावा गाल माझ्याकडे केला आणि डोळे मिटले. म्हणजे अजूनही त्याला वाक्यापेक्षा मारच सोपा वाटत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझी सगळी तालीम तिथेच संपली. मी पंजा पसरून त्याच्या कानावर मारला, जेवढा जोर होता तेवढा. तो रॅकवर आदळला, थिनरचा डबा उलटला. मी त्याला शर्ट धरून उठवलं आणि तोंडावर मारलं. ओठ फुटला. परत मारलं. भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं हात वर केले नाहीत. वडिलांच्या पट्ट्याखाली बसला होता तसाच तो गुडघ्यांवर बसला होता, आणि मी मारत होतो. बरं वाटत होतं. ते लपवणार नाही. वहिनीची नळी हाताच्या अंतरावर होती, पण या वेळी तिनं ती उचलली नाही.

माझ्या बोटाचं हाड मोडलं तेव्हा मी थांबलो.

"झालं?" वहिनी म्हणाली.

मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो. त्या खड्ड्याखड्ड्यांच्या भिंतीला. दादा सरपटत आला आणि माझ्या शेजारी बसला. थिनरचा वास डोक्यात जात होता. मी समोर, दाराबाहेरच्या रस्त्याकडे बघत होतो. बघता बघता माझी नजर वहिनीवर गेली आणि मला दिसलं की ती रडतेय. मनगट मोडलं तेव्हा रडली नव्हती, बोट बाटलीत घातलं तेव्हाही नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"म्हणाले ते," वहिनी म्हणाली.

"कोण? काय म्हणाले?"

मी वळून बघितलं. दादा माझ्या डाव्या बाजूला बसला होता. ओठांतून रक्त येत होतं आणि ओठ नुकतेच मिटले होते.

मी पूर्ण वळलो. उजवा कान त्याच्या तोंडाजवळ नेला. "दादा, या बाजूनं म्हण. परत म्हण."

त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता. मला तो नीट ऐकू येत होता, आत घेतलेला आणि बाहेर सोडलेला. त्यानं तोंड उघडलंही. मी थांबलो. बराच वेळ थांबलो. मग त्यानं भिंतीला धरून स्वतःला उठवलं, खाली पडलेला हातमोजा उचलला, घातला, आणि टेबलावरचं केसिंग घेऊन खडीच्या पेटीत ठेवलं. गिऱ्हाइकाचा माल होता. उद्या द्यायचा होता. पेटीचं दार लावून त्यानं हवा सोडली. पेटीच्या काचेतून मला दिसत होतं. आधी अंगठा गेला, मग बोटं, शेवटी तळवा. दोन मिनिटांत तिथे नुसता राखाडी धातू राहिला.

वहिनीला मी नंतर खूपदा विचारलं. ती प्रत्येक वेळी तेच सांगते, शब्दही बदलत नाही. "'तू लावला नव्हतास. मी लावला.' असं म्हणाले, भावजी. माझ्या कानांनी ऐकलं."

वहिनी खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या मंगळवारी मीही खोटं बोललो नव्हतो.